खडखडाटात बोलणारे हात

करुणा,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात माणसं मावली नाहीत. चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत गेला होता. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलायला लागला. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, आपल्या भिवंडीचं नाव तिनं मोठं केलं. कुणी तुझ्या पुस्तकांची नावं वाचली, कुणी शिक्षण सांगितलं, कुणी पुरस्कार. सगळं खरं होतं, पण ते ज्या बाईबद्दल बोलत होते ती मला ओळखीची वाटेना. मग तुझ्या भावानं, मिलिंदनं, माईक माझ्या हातात दिला. "मनीषाताई, तुम्ही बोला. तुमच्याइतकं ताईला कोण ओळखतं?"

मी उभी राहिले. समोर तुझ्या आई, म्हणजे मावशी, बसल्या होत्या, पांढऱ्या साडीत, पाठ ताठ. मी "करुणा" एवढं म्हटलं आणि पुढं काही आलंच नाही. माईक परत देऊन खाली बसले.

तू असतीस तर मागच्या रांगेत बसून बोलणाऱ्यांचे हात वहीत काढले असतेस. अध्यक्षांचा एक हात सारखा खिशातल्या पेनाकडं जात होता, पेन आहे ना हे बघून परत येत होता. तो तू सोडला नसतास.

तिथं जमलं नाही म्हणून हे लिहिते आहे. मध्ये मध्ये भांडेन. आपल्याला दोघींना कौतुकापेक्षा भांडण जास्त जमायचं.

आपली ओळख एका कंडक्टरमुळं झाली, आठवतं? मी दिघाशीहून भिवंडी डेपोला यायची आणि तिथून ठाण्याची एसटी धरायची. कॉलेजचा पहिलाच आठवडा. माझ्या काखेत तो भला मोठा ड्रॉइंग बोर्ड, आणि दारात दुसरी एक मुलगी तसलाच बोर्ड घेऊन चढतेय. कंडक्टर वैतागला. "ताई, या फळ्या टपावर टाका, नाहीतर फळ्यांचं अर्धं तिकीट काढा."

मी घाबरून खाली उतरायच्या बेतात होते. तू शांतपणे म्हणालीस, "अर्धं तिकीट काढते काका. पण मग फळीला बसायला जागा द्या."

तो तुझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं स्वतःच्या हातानं दोन्ही बोर्ड ड्रायव्हरच्या मागं नीट उभे करून ठेवले. बोर्ड आरामात एकमेकांना टेकून ठाण्यापर्यंत गेले आणि आपण दोघी दांडा धरून उभ्या. पुढं कॉलेज संपेपर्यंत तो कंडक्टर भेटला की विचारायचा, "आज फळ्या न्हाईत का?"

कॉलेज संपलं तेव्हा पुढं नाव कुणाचं होणार याबद्दल वर्गात कुणाला शंका नव्हती. सर शेवटच्या दिवशी तुझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले होते, "करुणा, तू थांबू नकोस." आणि तू थांबलीस. मी चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा करून इथल्याच एका शाळेत लागले, चित्रकलेबरोबर मराठीचे तासही माझ्याकडं आले. तू घरी खिडकीपाशी टेबल मांडलंस, पेन्सिलींना टोकं केलीस, ब्रश ओळीनं लावलेस आणि बसलीस.

"कॉलेजात कुणीतरी विषय द्यायचं गं," तू एकदा म्हणालीस. "बाजार काढा, झोपलेला माणूस काढा, सायकल काढा. मी काढायचे. आता कुणी काही सांगतच नाही. कागद माझ्याकडं बघतो, मी कागदाकडं बघते. मग आई जेवायला हाक मारते."

गाईड छापणाऱ्या एका प्रकाशकाचं काम तुला मिळालं होतं. आंबा, मडकं, पानाचा आडवा छेद. ते तू डोळे मिटून करायचीस. बाकीच्या वेळात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून परदेशी चित्रपुस्तकं आणायचीस आणि तसली चित्रं काढायचीस. बर्फ, सुचीपर्णी झाडं, लाल मफलर गुंडाळलेलं अस्वल. सफाई इतकी की छापलेलं वाटावं. मी शाळेतून येताना तुझ्याकडं चहाला थांबायची, आणि एका संध्याकाळी ते अस्वल बघून माझ्यानं राहवलं नाही.

"हे अस्वल तू कुठं बघितलंस?"

"पुस्तकात."

"मग त्याला पुस्तकातच राहू दे की."

"असं? तुझ्या शाळेतल्या पोरांनी काय काय बघायचं नाही तेही सांगून टाक मग. बर्फ नको, अस्वल नको. भिवंडीतल्या पोरांनी फक्त भिवंडीच बघायची का?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंस," म्हणालीस आणि दोन्ही कप उचलून आत गेलीस. माझा अर्धा चहा त्यात होता.

त्या भांडणात तुझं बरोबर होतं असं मला आता वाटतं. पोरांनी अस्वल बघावं, बर्फही बघावा. पण तुझ्या अस्वलाच्या डोळ्यांत काहीच नव्हतं गं, आणि ते तुलाही दिसत होतं. म्हणूनच चिडलीस.

मग हळूहळू तू काढणंच बंद केलंस. ट्यूबमधले रंग वाळले. टेबलावर मिलिंदची अभ्यासाची पुस्तकं आली, मग इस्त्रीचे कपडे आले. एक दिवस मधल्या सुट्टीत मावशी माझ्या शाळेत आल्या, ड्युटीवरून थेट, नर्सच्या साडीतच. पोरांच्या बुटक्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, "मनीषा, हिला त्या कॉलेजात घातली ते चुकलं का गं माझं? नर्सिंगला टाकली असती तर आज पायावर उभी असती. ती रडत नाही, बोलत नाही. नुसती घर पुसते. एवढं स्वच्छ घर मला नकोय गं."

मी म्हटलं, थोडं थांबू या. दुसरं काय म्हणणार होते?

मग तू दापोड्याच्या एका गोदामात कामाला लागलीस. खोकं आलं की लेबल लावायचं, स्कॅन करायचं, गाडीत चढलं की पुढचं. मला वाटलं होतं तुला तिथं गुदमरेल. उलट तुझा चेहरा उजळला. शिफ्टवरच्या मुलींच्या गमती सांगायचीस, डबा वाटून खायचीस. "तिथं मला कुणी विचारत नाही, सध्या काय चाललंय तुझं," तू म्हणालीस. "खोकं आलं, खोकं गेलं. बरं वाटतं." तू उदास होतीस तेव्हा मी घाबरले नव्हते. त्या दिवशी, तू अशी मजेत असताना, मला पहिल्यांदा भीती वाटली की आता ही परत येत नाही.

आणि मग तो रविवार आला. मावशींचा पाय मुरगळला होता, तरी त्यांना एका पेशंटला गाठायचंच होतं. टीबीच्या गोळ्या त्यानं मध्येच सोडल्यात असा त्यांना संशय होता. रफीकचाचा, आजमगढकडचे, तुमच्या घरामागच्या कापडाच्या कारखान्यात लूम चालवायचे. लूमला सुट्टी शुक्रवारी, म्हणजे रविवारी ते हमखास सापडणार. मावशींना दोन्ही बाजूंनी धरून आपण दोघी निघालो.

तू जन्मापासून त्या लूमच्या आवाजात झोपलीस. सुट्टीच्या दिवशी आवाज बंद झाला की लहानपणी तुला जाग यायची, हे तूच सांगितलेलं. पण कारखान्याच्या आत तू कधी पाऊल टाकलं नव्हतंस. दार उघडलं आणि मी तर दोन्ही कानांवर हात ठेवले. आवाज कानांत नाही, छातीत शिरत होता. हवेत कापसाचं तूस, आणि तुसातून दिसणाऱ्या लूमच्या रांगा.

मावशी दारातच थांबल्या. तिसऱ्या लूमवरच्या पिकल्या दाढीच्या माणसाकडं, रफीकचाचांकडं, बघून त्यांनी हात वर केला. पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि भुवया उंचावल्या. गोळी घेतलीस का? त्या माणसानं मान खाली घातली. मग पोटावर हात ठेवून मनगट गोल फिरवलं. मळमळतं. मावशींनी डावा तळवा पसरला, उजव्या हातानं त्यावर भाकरी थापल्यासारखं केलं, मग पुन्हा बोटं तोंडाशी. आधी खा, मग घे. त्यानं कानाची पाळी धरली. मावशींनी बोट नाचवून दम दिला. तो हसला, आणि एवढ्या वेळात त्याचा दुसरा हात तुटलेला धागा जोडत होता, तो थांबला नव्हता.

बाहेर आल्यावर तू विचारलंस, "आई, हे तू कधी शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? आत ओरडून कोण मरणार?"

परत येताना तुझ्या मोकळ्या हाताची बोटं सारखी हलत होती. घरी गेल्यावर टेबलावरचे इस्त्रीचे कपडे उचलून पलंगावर टाकलेस. कागद नव्हताच घरात. पर्समध्ये गोदामातली रद्द झालेली पानं होती, त्यांच्या पाठीवर काढायला लागलीस, डाव्या हातानं, भरभर, रेघेखाली रेघ. जुळवलेली बोटं. पसरलेला तळवा. कानाची पाळी धरलेला हात. मावशींनी जेवायला हाक मारली. तू आली नाहीस. मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, "राहू दे. आज नको बोलावू."

त्यानंतर दर रविवारी कारखान्यात जाऊन बसायला लागलीस. शेठला आधी आवडलं नाही. "मॅडम, फोटोबिटो नको हां," तो म्हणाला. "फोटो नाही, चित्र," तू म्हणालीस. त्याला फरक कळला की नाही कोण जाणे, पण एक स्टूल दिलं. रफीकचाचांनी काही दिवसांनी तुझ्या वहीत डोकावून बघितलं. ते सगळे हात बघून म्हणाले, "बेटी, हमारा हाथ ही बनाओगी? शकल नहीं?"

"शकल बाद में, चाचा."

"रहने दो. शकल से तो मेरा हाथ ही अच्छा है."

तुझं पहिलं पुस्तक असं झालं. एक मुलगी कारखान्याच्या दारात येते. तिला बहीण झालीय आणि बाप आहे पार शेवटच्या लूमवर. पोरांना आत सोडत नाहीत. मग ती दारातल्या माणसाला हातानं सांगते, तो पुढच्याला सांगतो, तो त्याच्या पुढच्याला. पानागणिक बातमी एकेका लूमवरून सरकत जाते. मध्येच एकाला वाटतं जुळं झालं, पुढच्याला वाटतं तिळं. बापापर्यंत पोचेस्तोवर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. शेवटच्या पानावर बाप तुसानं पांढरा झालेला दारात उभा, आणि मुलगी त्याला एकच बोट दाखवतेय.

आख्ख्या पुस्तकात एक शब्द नाही. प्रकाशकाच्या संपादक बाईंना पुस्तक आवडलं, पण त्या म्हणाल्या, पानावर एखादी तरी ओळ हवी. शब्द नसलेलं पुस्तक पालक विकत घेत नाहीत. तू नाही म्हणालीस. त्यांनी मला फोन केला, मैत्रिणीला समजवा म्हणून. आणि मी आलेच समजवायला.

"बाई बरोबर सांगतायत. मुलं वाचायला कशी शिकणार?"

"तुझ्या वर्गात घरी मराठी बोलणारी किती?"

"असतील थोडी."

"बाकीची? भोजपुरी बोलणारी आहेत, तेलुगू बोलणारी आहेत. मी कुणाचे शब्द घालू? एकाचे घातले की बाकीच्यांच्या घरातून पुस्तक गेलं."

"शाळा मराठी आहे, करुणा. ती मराठी शिकायलाच येतात."

"शिकू दे की. तू शिकव. माझ्या पुस्तकात कशाला?"

पुस्तक शब्दांशिवायच निघालं. मी ते वाचनाच्या तासाला घेऊन गेले. काय सांगू, करुणा. हे मी तुला तेव्हा सांगितलं होतं, पण तू ऐकताना सारखी "मी म्हटलं नव्हतं?" करत होतीस, म्हणून अर्धंच सांगितलं. पोरं बाकांवर चढली. ज्याला ज्या भाषेत यायचं त्या भाषेत गोष्ट सांगायला लागली. माझ्या वर्गात एकाच वेळी चार गोष्टी चालल्या होत्या आणि पान एकच. हेडमास्तर बघायला आले काय गोंधळ चाललाय. मी त्यांना पुस्तक दाखवलं. ते उभ्या उभ्या पानं उलटत राहिले आणि घंटा झाली तरी त्यांनी ते परत दिलं नाही.

रफीकचाचांना तू एक प्रत नेऊन दिलीस. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "सब ठीक है. लेकिन मेरी उँगली इतनी मोटी नहीं है."

गोदाम तू सोडलंस, पण लगेच नाही. दुसरं पुस्तक झाल्यावर. पुढं काम येत राहिलं आणि विषय कमी पडले नाहीत. धाब्यावर जेवणारे ट्रकवाले, दवाखान्याच्या बाकावरची माणसं, खाडीवर गळ टाकून बसलेला एकटा माणूस. विषय कुठून मिळतात असं नवीन मुलं तुला विचारायची तेव्हा तू म्हणायचीस, "आईचा पाय मुरगळला की मिळतात." त्यांना वाटायचं तू उडवून लावतेस.

आणि मला तुझा एकच धोशा होता. "तू का काढत नाहीस?" वर्षानुवर्षं. माझ्या शाळेत येऊन, माझ्या घरी येऊन, एकदा तर माझ्या नवऱ्यासमोर. "हिची रेघ माझ्यापेक्षा चांगली होती, विचारा हिला." मी काहीतरी बोलून टाळायची, वेळ मिळत नाही, पेपर तपासायचे आहेत. खरं उत्तर दिलं नाही, कारण तुला ते पटलं नसतं. मला काढायची भूक नव्हती गं. मला बघायची होती. एखादं पोर जीभ बाहेर काढून रंग भरतंय, रेघेबाहेर जातंय आणि त्याला त्याची पर्वा नाही, हे बघताना माझा दिवस भरायचा. तू तुझ्या टेबलाशी बसलेली बघतानाही भरायचा. तू मला अर्धवट राहिलेली चित्रकार समजत होतीस. मी तशी नव्हते. हे तुला एकदा नीट, समोर बसवून सांगायचं होतं.

मग दिघाशीचं पुस्तक. तू माझ्या माहेरी भात कापणीच्या आधी चार दिवस राहायला आलीस. माझी आई तुझ्यामागं लागली होती, "ये गो, नुसती भिवंडीत सडतंस." आलीस त्याच दिवशी तिची शेळी हरवली. आईनं तुला चहा दिला आणि तशीच निघाली, तूही वही घेऊन तिच्यामागं. मी तुमच्या मागून चालत होते. पुढं आई, मागं तू. घरोघर आई एकच विचारी, "आमची शेळी हाय का गो इकडं?" आणि घरोघर एकच उत्तर, "न्हाय." मोरीवरची बाई म्हणे न्हाय, झाडावर चढलेला पोरगा म्हणे न्हाय, म्हशी धुणारा म्हणे न्हाय. प्रत्येकाचं न्हाय वेगळं. शेवटी शेळी सापडली ती आमच्याच घरामागं, जुन्या पेंढ्याच्या उडव्याच्या आडोशाला. आई तिला म्हणाली, "हितं हाय व्हय," आणि खाली बसून तिच्या गळ्यात हात टाकला. तू ते काढत होतीस तेव्हा आई ओरडली, "माझा पदर काढू नको, फाटका हाय."

परत येताना तू म्हणालीस, पुस्तक तयार आहे. पानापानावर एक दार, एक माणूस आणि एकच शब्द. न्हाय. शेवटच्या पानावर, हाय.

आणि आपलं सगळ्यात मोठं भांडण सुरू झालं.

"तेव्हा म्हणालीस शब्द नकोत," मी म्हटलं. "आता शब्द हवेत, तर हे?"

"हेच. 'नाही' लिहिलं तर ते कोण बोलतंय? तुझी आई नाही बोलत तसं."

"शाळेत पोरांना मी फळ्यावर 'नाही' लिहायला शिकवते. तुझं पुस्तक त्यांच्या हातात देऊन सांगू, हे वाचा?"

"म्हणजे तुझ्या आईचं मराठी चुकीचं?"

"चुकीचं नाही. पण गावाकडचं पोर वर्गात 'न्हाय' म्हणतं आणि बाकीची हसतात, तेव्हा तू तिथं नसतेस. मी असते. कॉलेजात मी पहिल्या दिवशी तसं बोलले होते आणि आख्खा वर्ग हसला होता. तू हसली नव्हतीस, मला माहीत आहे. पण एक तू नाही हसलीस म्हणून बाकीच्यांचं हसणं ऐकू यायचं राहत नाही."

मग म्हणालीस, "याला उत्तर आहे. मला आत्ता सापडत नाही. सांगते तुला."

त्याच सुमाराला तुझ्या किडन्यांचं निघालं. डायलिसिससाठी हाताची शीर तयार करायची तेव्हा डॉक्टरांनी सवयीनं डावा हात पुढं घेतला. तू हात मागं ओढलास. "उजवा घ्या. मी डावरी आहे." मला वाटतं आख्ख्या आजारपणात तू हट्ट केलास तो एवढाच. मग उजव्या हातात सुया आणि डाव्या हातात पेन्सिल. सिस्टर कुरकुरायच्या, हलू नका. तू हलायची नाहीस, हात तेवढा चालायचा. शेजारच्या खाटांवर झोपलेल्यांचे हात तू काढलेस. ती माणसं उठली की आपला हात बघायला मागायची. एका काकांनी तर आपला फाडून मागून घेतला, घरी दाखवायला.

मी शाळा सुटल्यावर यायची. आपण सगळ्यावर बोलायचो, पण त्या एका शब्दावर नाही. तू आजारी म्हणून मी तो विषय काढत नव्हते. तू का काढला नाहीस, माहीत नाही.

शेवटी भेटलो ती दुपार. खिडकीपाशी टेबलावर शेळीच्या पुस्तकाची चित्रं पसरलेली. सगळी झाली होती, एका पानावर शेताचा हिरवा तेवढा राहिला होता. तुझ्या बोटांत ब्रश राहत नव्हता. म्हणालीस, "तू भर."

"मी?"

"मग काय मिलिंद भरणार?"

मी बसले. किती वर्षांनी तसा ब्रश धरला होता. मी हिरव्यात थोडा पिवळा घातला, तर म्हणालीस, "शाळेतला हिरवा नको गं." अजून पिवळा घातला. "आता आजारी वाटतंय शेत." मग तू उठून बसलीस, माझ्या मनगटाला धरून ब्रश तांबड्यात बुडवलास, अगदी टोकाला, आणि म्हणालीस, "कापणीच्या आधीचं भात आहे. तुमचंच शेत आहे, तू बघत नाहीस का?" मी भरत गेले. तू उशीला टेकून बघत होतीस आणि मध्येच तुझा डोळा लागला. मावशींनी पंखा हळू केला. झालं तेव्हा मी तुला उठवलं नाही.

पान वाळत ठेवलं आणि घरी आले. चार दिवसांनी मिलिंदचा फोन आला.

आता सांगते काय झालं. संपादक बाईंचा फोन आला होता. चित्रं मिलिंदनं त्यांच्याकडं पोचवली. त्या म्हणाल्या, पुस्तक काढायचंय, पण पानांवर जागा मोकळी आहे. करुणा शब्द कोणते घालणार होती, तुम्हाला माहीत असेल, तुम्हीच लिहून द्या.

मला माहीत होते. तरी मी आधी 'नाही' लिहून बघितलं. सगळ्या पानांवर. वाईट दिसत नव्हतं. आईला वाचून दाखवलं, तर ती चूल फुंकता फुंकता थांबली. "असं कोन बोलतं गो आपल्यात?"

मग चित्रांच्या झेरॉक्स काढल्या, त्यांवर हातानं शब्द लिहिले, तुझे, आणि काल वाचनाच्या तासाला वर्गात नेल्या. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्याला पुढच्या बाकावरची सानिया उभी राहिली. हुशार पोर, शुद्धलेखनात एक चूक करत नाही.

"बाई, इथं 'नाही' पायजे ना? चुकलंय."

मी म्हटलं, "चुकलं नाही. आमच्या दिघाशीला असंच म्हणतात."

"तुम्ही पण असंच म्हणता?"

"घरी म्हणते."

"म्हणून दाखवा ना, बाई."

इतकी वर्षं त्या वर्गात उभी राहतेय, तो शब्द तिथं माझ्या तोंडून कधी गेला नव्हता. मी पान समोर धरलं, मोरीवरच्या बाईचं, आणि म्हटलं, "न्हाय."

सगळे हसले. मी तुला सांगितलंच होतं, हसतात. मलाही हसू आलं, कसं ते माहीत नाही. मी पान उलटलं. झाडावरचा पोरगा. मी वाचायच्या आधीच आख्ख्या वर्गानं एका सुरात म्हटलं, "न्हाय." पुढच्या पानाला अजून मोठ्यानं. म्हशी धुणाऱ्याचं न्हाय तर त्यांनी असं लांबवलं की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. शेळी सापडली तेव्हा मात्र कुणी ओरडलं नाही. "हाय," सानिया हळूच म्हणाली.

तू शोधत होतीस ते उत्तर हेच, की दुसरं काही, मला कळायला मार्ग नाही. उद्या एखादं पोर एकटं 'न्हाय' म्हणेल आणि बाकीची त्याला हसतील, तेव्हा काय, हे मला अजून माहीत नाही. त्या बाबतीत मी माझ्याच बाजूची आहे. पण संपादक बाईंना कळवलंय, तुझे शब्द तसेच छापा, एक अक्षर बदलू नका.

माझं म्हणणं मांडून झालं, करुणा. आता तुझी पाळी.